कोपराचं ठिगळ

पिक्चर सेलूला लागला तेव्हा
मी एकोणीस वर्षांचा, काज-बटणावर होतो.
अठरा वेळा पाहिला.
सहा वेळा तिकीट काढून,
बाकी खदीरभाईच्या मेहरबानीवर.
तो टॉकीजच्या दारावर असायचा
आणि त्याच्या सदऱ्याची शिलाई मी घेत नव्हतो.

रायभानची कॉलर लांब, टोकदार,
मागून उभी,
जणू मानेला कुणी हात लावू नये म्हणून.
पडद्यावरून मोजली मी ती,
अंधारात, बोटांनी.
त्या उन्हाळ्यात जिनिंगवरच्या हमालापासून
तलाठ्याच्या मेव्हण्यापर्यंत
निम्मं सेलू माझ्याच कॉलरीत फिरलं.
लग्नाला, मयतीला, कोर्टाच्या तारखेला.

मध्यंतरानंतर गढीच्या दारात
एक कंदीलवाला उभा असतो.
रायभान त्याला एका फटक्यात आडवा करतो,
न थांबता, न बघता.
कंदील फुटतो.
तिथं शिट्टी. दर खेळाला.
माझीही, दोन बोटं घालून,
पार स्टेशनावर ऐकू जाईल अशी.

पस्तीस वर्षांनी त्या पिक्चरला फुटवे आले,
कापलेल्या उसाला यावेत तसे.
गोष्टी, नुसत्या ऐकायच्या.
प्रणिता मोबाईलवर लावायची,
मी पायानं मशीन मारत ऐकायचो.

पहिलीत रायभानचं लहानपण.
बाप मारायचा म्हणे,
म्हणून हा कधी हसत नाही.
मी पाय थांबवला.
अगं, त्याचं न हसणं आमचं होतं!
मी म्हणायचो, कुणीतरी सोडून गेलीय.
खदीरभाई म्हणायचा, दाढ दुखतीय.
चहाच्या किती कपांवर भांडलो आम्ही त्यापायी.
आता हे रेडिमेड कारण,
एकच माप, सगळ्यांना.

दुसरीत घोडा बोलतो.
ते जाऊ द्या.

तिसरी कंदीलवाल्याची.
त्याला नाव होतं. निवृत्ती.
त्या रात्री त्याची पाळीच नव्हती,
दुसऱ्याची बायको अडली होती म्हणून
हा उभा राहिला.
निघताना बहिणीनं हात धरून बसवला,
अंगातल्या अंगातच
फाटक्या कोपराला ठिगळ लावलं,
लाल दोऱ्यानं,
कारण घरात तेवढाच होता.

मी म्हटलं, असं काही नव्हतं.
लाव बरं पिक्चर.
थांबव. मागं घे. अजून मागं.

होतं.
डाव्या कोपरावर, तळहाताएवढं.
अठरा वेळा मी कॉलर बघत होतो.
मी. शिंपी.

आता फटका बसतो
आणि बोटं ओठांपर्यंत जाऊन परत येतात.
खदीरभाईला फोन केला.
तो म्हणाला, "कामून उकरायलास मास्तर,
बरं चाललं होतं की आपलं."
त्याचंही खोटं नाही.
रायभान अजून देखणा आहे,
कॉलर तशीच उभी आहे,
पण तो दार ओलांडून आत जातो
आणि मी दारातच राहतो,
काचा वेचत.
पुढचा पाऊण तास तिथं कोण जिंकतं
ते मला पाठ आहे, पण दिसत नाही.

मागच्या महिन्यात घुग्यांचा पोरगा आला.
गॅदरिंगला रायभान व्हायचं होतं.
कॉलर कापली. हात विसरला नव्हता.
मग का कोण जाणे,
नव्याकोऱ्या बाहीला, डाव्या कोपरावर
ठिगळ लावलं.
लाल दोऱ्याचं रीळ समोरच होतं.

दुसऱ्या दिवशी पोरगा दुकानात.
"मास्तर, हे हो काय?
रायभानला कुठं ठिगळ असतंय?"

बरोबर होतं त्याचं.
उसवून दिलं.
पाणी शिंपडून दोनदा इस्त्री फिरवली.
सुईची भोकं
गेली नाहीत.